कुंकू लावलेला अँटीव्हायरस

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि माझ्या डोक्यावर रोज सकाळी एक फूल असतं. तुमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या नशिबी असं भाग्य आहे का? नसणार. मी नाशिकला पंचवटीत राहतो, वेणीमाधव गुरुजींच्या घरी. गुरुजी रोज पहाटे गंगेवर जातात. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. तिथे बाहेरगावहून आलेल्या यजमानांचे विधी सांगून ते घरी येतात, देवपूजा करतात आणि उरलेलं एक फूल माझ्या पेटीवर ठेवतात. पडद्यावर ठेवत नाहीत, कारण तिथून ते घसरतं. त्यांनी ते करून पाहिलेलं आहे.

माझा जन्म एका ठिकाणी झाला असं मला म्हणता येणार नाही. पडदा एकीकडचा, पेटी दुसरीकडची, कीबोर्ड तिसरीकडचा. एका दुकानदारानं सगळं जुळवलं आणि वायरी जोडून मला जागं केलं. गुरुजींच्या मुलासाठी, आल्हादसाठी मला आणलं होतं. तो इंजिनिअरिंगला होता. माझ्यावर अभ्यास कमी आणि क्रिकेटचे खेळ जास्त, असा आमचा सुखाचा काळ गेला. मग त्याला पुण्यात नोकरी लागली, त्यानं लॅपटॉप घेतला आणि मी कोपऱ्यात पडलो. माझ्या अंगावर क्रोशाचं कव्हर आलं. क्रोशाचं कव्हर घातलं की समजावं, आपले कामाचे दिवस संपले. मला फार वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू?

पण मालिनीबाईंनी ते कव्हर काढलं. मालिनीबाई म्हणजे गुरुजींच्या पत्नी. आयुष्यभर त्यांनी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. निवृत्त झाल्या तरी शिकवण्याची हौस काही निवृत्त झाली नाही. शेजारच्या गल्लीत मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथे संजना राहायची. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून शिकायला आलेली, दहावीतली मुलगी. तिला डोळ्यांनी दिसत नाही. तिच्या मोबाइलमध्ये पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम आहे, पण तो धडा असा वाचतो की रेल्वे स्टेशनवर गाड्यांची घोषणा चालली आहे असं वाटतं. एकदा बाईंनी तिला एक धडा स्वतः वाचून दाखवला. संजना म्हणाली, "बाई, तुमी वाचलं ना, लगेच डोक्यात बसलं. लय बरं वाटलं."

झालं! बाईंनी ठरवून टाकलं की दहावीची सगळी पुस्तकं आपण वाचून माझ्यात भरून ठेवायची. दुपारी गुरुजी वामकुक्षी घेत, तेव्हा बाई पंखा बंद करत, खिडकी लावत, कुकर आधीच उतरवून ठेवत आणि मायक्रोफोन तोंडाजवळ घेत. गल्लीतून रिक्षा गेली की थांबत. नुसतं वाचत नसत, मध्येच समजावून सांगत, मध्येच रागावतसुद्धा. समोर कोणी नसताना! दर रविवारी संजना यायची, मावतील तेवढे धडे मोबाइलच्या छोट्याशा कार्डात भरून न्यायची आणि पुढच्या रविवारी पुढचे न्यायची. माझ्या पोटात एवढं मोलाचं काही आधी कधीच नव्हतं. क्रिकेटचे खेळ ते काय!

या सगळ्याची राखण कोण करत होतं? आल्हादनं जाताना टाकून दिलेला एक फुकटचा अँटीव्हायरस. हल्लीची नवी यंत्रं जन्मतःच आपला राखणदार घेऊन येतात. मी जुना, माझ्यात तसं काही नाही. म्हणून हा फुकटचा राखणदार पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी एवढंसं चिन्ह होऊन बसलेला असे. पेनड्राइव्ह लागला की आधी हा वास घेई. नको ते काही आलं की तिथल्या तिथे मुसक्या बांधी. कोणाला कळतही नसे. एकच खोड होती त्याला. दर थोड्या दिवसांनी खिडकी उघडून म्हणे, 'पैसे भरा आणि आणखी सुरक्षित व्हा.'

गुरुजी वैतागत. "हा मेला येता-जाता दक्षिणा मागतो! आम्हीसुद्धा इतकी मागत नाही."

"अहो, तो मागतो, पण न देता काम करतोच ना?" बाई म्हणत.

"फुकटच्या वस्तूला किंमत नसते, मालिनी. म्हणून तर फुकट."

हा वाद आमच्या घरात पुष्कळ दिवस चालला. बाई आणि आल्हाद फुकटच्याच्या बाजूनं, गुरुजी विकतच्याच्या. गुरुजींचंही अगदीच चूक नव्हतं बरं का. यजमानांची दक्षिणा बँकेत येई, ती ते माझ्यावरच बघत. तेवढ्यासाठी जास्त पहारा असावा असं त्यांना वाटे.

मग गेल्या वर्षी पितृपक्ष आला. पितृपक्ष म्हणजे गुरुजींच्या कामाचे दिवस. गंगेवर उभं राहायला जागा नसते. त्या गर्दीत सिन्नरचे एक यजमान आले. त्यांचा तिथल्या औद्योगिक वसाहतीत लहानसा कारखाना. त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि सगळं काम ठप्प झालं, असं त्यांनी सांगितलं. गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. येतानाच ते दुकानातून विकतचा अँटीव्हायरस घेऊन आले. चकचकीत डबा, वर ढालीचं चित्र, सगळ्याला पारदर्शक प्लास्टिक. दुकानदारानं त्यांना बजावलं होतं, "गुरुजी, दोन अँटीव्हायरस एका घरात नांदत नाहीत. एकमेकांनाच चोर समजतात. आधी जुना काढा, मग हा टाका."

सल्ला सोळा आणे बरोबर होता. पण आमचे गुरुजी पंचांगाप्रमाणे चालणारे. त्यांनी हिशोब असा केला की जुनं काढून टाकायला पितृपक्षाची हरकत नाही. नवीन सुरू करायला मात्र आहे. म्हणून त्यांनी सल्ल्यातलं पहिलं काम त्याच दिवशी उरकलं. आल्हादला फोनवर विचारलंसुद्धा नाही. बिचारा फुकटचा राखणदार! जाताना त्यानं एक खिडकी उघडून विचारलं, 'तुम्ही का जात आहात?' खरं तर तोच जात होता. गुरुजींनी खाली लिहिलं, 'दक्षिणा फार मागता,' आणि त्याला निरोप दिला.

"आणि नवा कधी टाकणार?" बाईंनी विचारलं.

"दसऱ्याला. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आहे."

"व्हायरसला पितृपक्ष असतो का हो?"

"आता थोडे दिवस कोण येतंय?" गुरुजी म्हणाले आणि गंगेवर गेले. मी उघड्या दारानिशी बसून राहिलो. मला काही बोलता येत असतं तर मी त्या दिवशी पुष्कळ बोललो असतो.

दसरा उजाडला. बाईंनी पाटीवर सरस्वती काढली. माझी पेटी पुसली, मला झेंडूची माळ घातली. गुरुजींनी तो डबा पाटावर ठेवला, त्याला हळदीकुंकू वाहिलं, आपट्याचं पान वाहिलं आणि खणखणीत आवाजात मंत्र म्हटले. मग सोनं द्यायला माणसं आली, श्रीखंड-पुरीचं जेवण झालं, झोप झाली. संध्याकाळी पूजेतल्या सगळ्या वस्तू आपापल्या जागी गेल्या. विळी स्वयंपाकघरात गेली, गुरुजींची स्कूटर गेटबाहेर गेली आणि डबा माझ्या डोक्यावर आला. गुरुजींना वाटलं, बाईंनी त्यातला अँटीव्हायरस टाकला. बाईंना वाटलं, गुरुजींनी मुहूर्त साधून टाकला. डब्यावर ठसठशीत कुंकू होतं. येता-जाता त्याच्याकडे बघून दोघंही निर्धास्त होत.

दिवाळीपर्यंत बाईंची सगळी पुस्तकं वाचून झाली. पण घसा पार बसला. इतकी वर्षं वर्गात बोलून तो आधीच दमलेला, त्यात हे. डॉक्टरांनी लहानसं ऑपरेशन केलं आणि सांगितलं, काही आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, आणि मोठ्यानं वाचणं तर परीक्षा होईपर्यंत विसरा. नाहीतर आवाज कायमचा जाईल. बाईंनी मौन धरलं. दसऱ्याची पाटी घेतली, खडू घेतला आणि त्यावर लिहून संसार चालवू लागल्या. त्यांचं रागावणं आता खडूच्या आवाजावरून कळे.

आणि त्याच दिवसांत गुरुजी पूजेच्या सामानाची यादी पेनड्राइव्हवर घेऊन ती छापून आणायला गल्लीच्या टोकाच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. परत आले, पेनड्राइव्ह मला लावला. तो लागताक्षणीच मला कळलं की याच्याबरोबर आणखी कोणीतरी आलंय. पण कळून काय उपयोग? कोपऱ्यात घड्याळाच्या शेजारी कोणीच बसलेलं नव्हतं. तो व्हायरस सरळ आत शिरला आणि धड्यांच्या फोल्डरमध्ये गेला.

रविवारी दुपार कलल्यावर पांढरी काठी टेकत संजना आली. पूर्वपरीक्षा जवळ आली होती. इतिहासाचे बरेच धडे आणि निम्मं विज्ञान न्यायचं राहिलं होतं. ती माझ्यासमोर बसली. तिच्यासाठी माझ्यातही तो बोलणारा प्रोग्रॅम घातलेला आहे. तो एकेक नाव बोलू लागला आणि प्रत्येक नावापुढे 'शॉर्टकट, शॉर्टकट' म्हणू लागला. संजनानं बटण दाबलं. काहीच नाही. दुसरा धडा, तिसरा. काहीच नाही.

"बाई, धडे उघडत नाय. एकपण नाय."

बाई धावत आल्या. त्यांनीही माउस घेऊन बघितलं. नावं होती, आत धडे नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. संपूर्ण पावसाळाभराचं वाचन! त्यांनी पाटी ओढली, भराभरा लिहिलं आणि संजनासमोर धरली. मग त्यांच्या लक्षात आलं की तिला पाटी दिसत नाही. त्यांनी ती गुरुजींसमोर धरली.

"ती म्हणतेय," गुरुजींनी वाचलं, "मी सगळं परत वाचीन. उद्यापासून."

"नाय!" संजना खुर्चीवरून उठलीच. "बाई, अजिबात नाय. डॉक्टर काय म्हनले? तुमचा आवाज गेला तर मी दहावी होऊन काय करू?"

मग गुरुजी म्हणाले, "पण असं होईलच कसं? चांगला विकतचा अँटीव्हायरस आणलाय. हा काय, समोर आहे!" आणि तिची खात्री पटावी म्हणून त्यांनी डबा उचलून तिच्या हातात दिला.

संजनानं डबा हातात फिरवला. बोटांना सुकलेलं कुंकू लागलं, ते तिनं झटकलं. मग कडेवरून बोट फिरवलं, दुसऱ्या कडेवरून फिरवलं.

"गुरुजी, याचं प्लास्टिक कुठनं फोडलंय?"

"म्हणजे?"

"चारी बाजूनी बंद हाय हे. उघडलंच नाय कुनी."

बाईंनी डबा घेतला, उलटासुलटा पाहिला आणि कपाळाला हात लावला. मग खडू कडाकडा वाजला. पाटी गुरुजींसमोर आली. गुरुजींनी मनातल्या मनात वाचलं आणि घसा खाकरला.

"हे... मोठ्यानं वाचायलाच हवं का?"

बाईंनी खडू पाटीवर ठक् ठक् आपटला.

"'संजना, यांना विचार, मंत्र एवढे म्हटले, आरती केली, पण डबा उघडायचं सुचलं नाही का?'" गुरुजींनी वाचलं आणि म्हणाले, "मला वाटलं, हिनं टाकला."

बाईंनी लिहिलं. गुरुजींनी मुकाट्यानं वाचलं, "'मला वाटलं, यांनी टाकला.'"

संजनाला हसू आवरेना. एवढ्या संकटात तिला हसताना पाहून बाईही हसल्या, अगदी आवाज न करता.

मग आल्हादला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि गुरुजींनी झालं ते सगळं सांगितलं.

"बाबा, जुना कधी काढला तुम्ही?"

"पितृपक्षात."

"आणि नवा टाकलाच नाही? म्हणजे इतके दिवस घर उघडंच?" आल्हादला रागवावं की हसावं कळेना. "आई, घाबरू नकोस. धडे बहुतेक गेलेले नाहीत. हा व्हायरस फाइली लपवतो आणि त्यांच्या जागी खोट्या पाट्या लावतो. पण आधी तो निघायला हवा, नाहीतर परत लपवेल. बाबा, डबा फोडा आणि टाका. आत्ता."

गुरुजींचा हात डब्याकडे गेला आणि थबकला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आत्ता राहुकाळ आहे रे. सहा वाजले की..."

बाईंनी खडू उचललाही नाही. संजनाला सहाच्या आत वसतिगृहात परतावं लागे. तिनं चाचपून काठी घेतली. "चालंल गुरुजी. मी पुढच्या रविवारी येते. तवर जे हाय ते परत ऐकते."

पुढच्या रविवारी पूर्वपरीक्षा सुरूसुद्धा झालेली असणार होती. हे गुरुजींना माहीत होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, डबा पोटाशी धरला आणि प्लास्टिकमध्ये नख खुपसलं.

"बस गं खाली. राहुकाळात सुरू केलेलं काम बिघडतं म्हणतात. हे आधीच बिघडलंय, आणखी काय बिघडायचंय? वसतिगृहात मी फोन करून सांगतो."

मित्रांनो, त्या माणसानं उभ्या आयुष्यात राहुकाळात साधी चप्पल घेतली नव्हती. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला.

माझा सीडीचा ट्रे कित्येक दिवसांत उघडला नव्हता. तो दोन चापट्या खाऊन बाहेर आला. आतल्या कार्डावर लांबलचक परवाना-क्रमांक होता. गुरुजी तो मंत्र म्हणावा तसा संथ, स्पष्ट म्हणत होते आणि बाई टाइप करत होत्या. नवा राखणदार आत आला. काय त्याचं वजन! मला धाप लागली, माझा पंखा गरगरू लागला. पण गडी कामाचा होता. त्यानं प्रत्येक कोपरा शोधला, व्हायरसला पकडला आणि त्यानं लावलेल्या सगळ्या खोट्या पाट्या उपटून काढल्या.

बाईंनी धड्यांचा फोल्डर उघडला. फोल्डर रिकामा होता. आता तर नावंही नव्हती.

"आल्हाद," गुरुजी फोनजवळ वाकून म्हणाले, "इथे काहीच नाही रे."

"थांबा, थांबा. लपवलेल्या फाइली दाखवा असा पर्याय आहे, मी सांगतो तिथे खूण करा."

बाईंनी खूण केली. आणि एकेक करत धडे दिसू लागले, फिकट फिकट, पण सगळेच्या सगळे. माझ्या पोटातच होते ते. माझा जीव भांड्यात पडला. संजनानं पहिल्या नावावर जाऊन बटण दाबलं.

"संजना, आधी पाणी पिऊन घे. आज धडा मोठा आहे," माझ्या स्पीकरमधून बाईंचा आवाज आला. चांगला मोकळा, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज. बाईंनी स्वतःचा आवाज कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडू लागल्या. संजनानं हात पुढे केला आणि चाचपत त्यांचा हात शोधला. धडा तसाच चालू राहिला.

थोड्या वेळानं गुरुजींना धीर आला. "बघितलंस ना? शेवटी विकतचाच कामाला आला. फुकटचं ते फुकटचंच."

"पन गुरुजी," संजना म्हणाली, "तो फुकटचा होता तवर काय गेलं नव्हतं."

"हं."

"मला वाचून दाखवतो तो प्रोग्रॅम पन फुकटच हाय. आनि बाई तरी माझ्याकडून काय घेत्यात?"

गुरुजी सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेले. चहा ते कधी करत नाहीत. तो फार गोड झाला होता, असं बाईंनी पाटीवर लिहिलं.

त्या दिवसानंतर आल्हाद आला आणि धड्यांची एक प्रत त्यानं वेगळ्या डिस्कवर करून कपाटात ठेवली. संजना दहावी झाली, चांगल्या गुणांनी झाली. इतिहासात तर वसतिगृहात पहिली आली. बाईंचा आवाज हळूहळू परत आला आणि घराला पुन्हा बोलणी बसू लागली.

मित्रांनो, तुमच्या घरीही हा वाद होत असेल. विकतचा घ्यावा की फुकटचा? मला विचाराल तर घरातल्या यंत्रावर काय काय काम चालतं ते मोठ्यांबरोबर बसून बघा. पैशांचे व्यवहार फार असतील, अडचणीला फोनवर मदत करणारं माणूस हवं असेल, तर विकतचा घ्या. साधं काम असेल, तर खात्रीच्या ठिकाणाहून आणलेला फुकटचा किंवा यंत्रात मुळातच असलेला राखणदार पुष्कळ आहे. पण जो असेल तो जागा आहे ना, हे अधूनमधून बघा. एक गेल्याबरोबर दुसरा येऊ द्या, मध्ये दिवस जाऊ देऊ नका. दुसऱ्याचा पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडू नका. आणि जे गेलं तर रडू येईल, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा.

यंदा त्या डब्याचं वर्ष संपत आलं. बँकेचं काम गुरुजी आता मोबाइलवर करतात, आणि तो दणकट राखणदार माझ्या म्हाताऱ्या अंगाला पेलतही नव्हता. पुन्हा वाद होणार म्हणून मी कान टवकारले. पण गुरुजीच आल्हादला म्हणाले, "तो आपला जुना आणता येईल का रे? माझ्यावर रागावला नसेल ना?"

नव्याला काढलं आणि तिथल्या तिथे, त्याच बैठकीत, जुन्याला बसवलं. गुरुजींनी पंचांग उघडलं नाही. तो आला आणि आपल्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी जाऊन बसला. दुसऱ्याच दिवशी त्यानं दक्षिणाही मागितली. गुरुजी हसले आणि खिडकी मिटवून टाकली.

दसऱ्याला संजना सोनं द्यायला आली होती. आता ती अकरावीत आहे. पाटावर विळी होती, स्कूटरची किल्ली होती, झेंडूची माळ घातलेला मी होतो. गुरुजी कुंकवात बोट बुडवून माझ्यासमोर उभे राहिले आणि इकडेतिकडे बघू लागले.

"काय झालं गुरुजी?" संजनानं विचारलं.

"अगं, याला डबाच नाही. कुंकू लावू कुठे?"

मग त्यांनी वाकून पडद्याचा उजवा कोपरा शोधला, घड्याळाच्या शेजारचं ते एवढंसं चिन्ह नीट पाहिलं आणि बरोबर त्यावर बोट टेकवलं.

"अहो, पडद्याला काय लावताय!" बाई ओरडल्या. तो आवाज थेट गल्लीपर्यंत गेला. संजना टाळ्या वाजवून हसली.

तो डाग अजून तिथेच आहे. मित्रांनो, कधी आमच्या घरी आलात आणि माझ्यावरची धूळ पुसावीशी वाटली, तर जरूर पुसा, मला आवडेल. फक्त उजवा कोपरा तेवढा सोडा.